ज्वारीच्या रानात ऊस

आपल्या अंधेरी-बोरिवलीत वर्षाला २००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. सोलापूर जिल्ह्यात जेमतेम साडेपाचशे. तिथली रब्बी ज्वारी काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलाव्यावर येते. उसाला मात्र सुमारे २००० मिलिमीटर पाणी लागते. तरीही ज्वारीच्या रानात ऊस शिरला. शेतकऱ्याला हिशेब कळत नाही म्हणून? आम्ही म्हणू, चांगला कळतो म्हणून! १९८० मध्ये उजनी धरण झाले. कालवे आले, साखर कारखाने वाढले. शेतीपंपाची वीज सवलतीत, म्हणून उपसाही स्वस्त. उसाचा किमान दर कायद्याने बांधलेला, घ्यायला कारखाना हजर. ज्वारीचा हमीभाव नुसता जाहीर होतो, खरेदीची खात्री नसते. मराठवाड्यातही असेच घडले. २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. त्याच हंगामात मराठवाड्यातल्या कारखान्यांनी ऊस गाळला होता.