की-बोर्ड घेताना आधी पट्ट्या पाहाव्यात

ध्वनिमुद्रण म्हणजे मोठी जागा, काचेआडचे नियंत्रण दालन आणि तासांवर आकारले जाणारे भाडे, हे समीकरण गेल्या काही दशकांत पुरते बदलले. एक संगणक, एक ऑडिओ इंटरफेस, एक मायक्रोफोन आणि एक की-बोर्ड एवढ्या सामग्रीवर राहत्या घराच्या एका खोलीत चाल बांधण्यापासून अंतिम मिश्रणापर्यंत सारे काही होऊ शकते. नाटकाचे पार्श्वसंगीत, बालगीते, एखाद्या लघुपटाचे संगीत अशी कामे अनेक जण याच पद्धतीने करतात. या सामग्रीत सर्वाधिक काळ टिकणारी आणि बहुधा सर्वाधिक खर्चाची वस्तू म्हणजे की-बोर्ड. संगणक काही वर्षांत जुना होतो. चांगला की-बोर्ड मात्र दहा-पंधरा वर्षे हाताखाली राहतो. त्यामुळे निवड चुकली तर पैसे वाया जातातच, शिवाय हातालाही चुकीचे वळण लागते.

दुकानात गेल्यावर ग्राहकाला प्रथम सांगितली जाते ती आवाजांची संख्या. हजार आवाज, दोन हजार आवाज, शेकडो ताल! परंतु आवाज नंतर संगणकातून मिळवता येतात, बदलता येतात. पट्ट्या बदलता येत नाहीत. म्हणूनच वजनदार पट्ट्यांचा, म्हणजेच 'वेटेड कीज' असलेला सिंथेसायझर घेण्याचा विचार असेल, तर आरंभ पट्ट्यांपासूनच करणे इष्ट.

पट्टीला वजन कशाचे?

इटलीतील बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी याने १७०० च्या सुमारास फ्लॉरेन्स येथे जे वाद्य घडवले, त्यात पट्टी दाबताच एक हातोडी उसळून तारेवर आदळत असे. बोट हलके पडले तर स्वर हलका, जोरात पडले तर स्वर मोठा. पियानोचे सारे वैशिष्ट्य या यंत्रणेत आहे. पियानोची पट्टी जड लागते ती या हातोडीमुळे. साधारण ५० ग्रॅमच्या आसपास भार दिल्यावर ती खाली जाऊ लागते. खर्जाकडच्या हातोड्या मोठ्या असल्याने तिकडच्या पट्ट्या जरा अधिक जड, तर तारसप्तकाकडच्या हलक्या असतात.

सिंथेसायझरचे मूळ मात्र पियानोत नाही. १९७० मध्ये आलेल्या मिनीमूगला ४४ हलक्या पट्ट्या होत्या, त्यावर एका वेळी एकच स्वर वाजे आणि बोटाच्या जोराची दखल ते वाद्य घेत नसे. हिंदी चित्रपटसंगीतात मुंबईच्या केरसी लॉर्ड यांनी १९७० च्या दशकात मूग सिंथेसायझर आणला, तोही याच परंपरेतला. पुढे १९८३ मध्ये यामाहाच्या डीएक्स-७ ने बोटाचा वेग ओळखणाऱ्या ६१ पट्ट्या रुळवल्या. स्टीव्ही वंडर यांच्याशी झालेल्या चर्चेतून रे कर्झवाइल यांनी १९८२ मध्ये कंपनी स्थापन केली आणि १९८४ च्या कर्झवाइल २५० मध्ये ८८ वजनदार पट्ट्या दिल्या. पियानोचा स्पर्श आणि इलेक्ट्रॉनिक आवाज यांची सांगड अशी बसत गेली.

आज बाजारात तीन प्रकार दिसतात. पहिला, केवळ स्प्रिंगवर परतणाऱ्या हलक्या पट्ट्यांचा. दुसरा, स्प्रिंगबरोबर थोडा भार जोडलेल्या 'सेमी-वेटेड' पट्ट्यांचा. तिसरा, प्रत्येक पट्टीखाली खरोखरची छोटी हातोडी असलेल्या 'हॅमर ॲक्शन'चा. यातही खर्जाकडून तारेकडे भार कमी होत गेला असेल तर त्याला 'ग्रेडेड हॅमर' म्हणतात. जाहिरातीत नुसता 'वेटेड' असा शब्द असेल, तर तो दुसऱ्या प्रकाराला लावला आहे की तिसऱ्या, हे विचारून घ्यावे.

जोर मोजला जातो कसा?

वस्तुतः की-बोर्ड जोर मोजतच नाही. तो वेळ मोजतो. प्रत्येक पट्टीखाली दोन संवेदक असतात. पट्टी खाली जाताना पहिला आधी जुळतो, दुसरा नंतर. या दोहोंमधल्या अत्यल्प अवधीवरून पट्टी किती वेगाने गेली ते काढले जाते आणि मिडी या पद्धतीनुसार १ ते १२७ यांपैकी एक आकडा पुढे पाठवला जातो. हलकी पट्टी अकस्मात खाली जाते, त्यामुळे मधले आकडे नेमके साधणे कठीण जाते. वजनदार पट्टी बोटाला विरोध करते आणि त्या विरोधामुळेच 'किंचित हलके' आणि 'किंचित मोठे' यांतला भेद हाताला कळतो. काही वाद्यांत तिसरा संवेदकही असतो. त्यामुळे पट्टी पूर्ण वर येण्याआधीच तोच स्वर पुन्हा वाजवता येतो. जलद आवर्तने वाजवणाऱ्यास हा फरक चटकन जाणवतो.

महाराष्ट्रातील बहुसंख्य वादकांचा हात पेटीवर तयार झालेला असतो. पेटीची पट्टी कितीही जोरात दाबली तरी आवाज वाढत नाही. आवाजाची चढ-उतार भात्यावर अवलंबून असते. अशा वादकाला हॅमर ॲक्शनवर प्रारंभी दोन अडचणी येतात. बोटे दमतात, आणि स्वर एकसारखे वाजण्याऐवजी काही दबलेले, काही उसळलेले येतात. हा दोष वाद्याचा नव्हे. रोज थोडा वेळ संथ लयीत अलंकार वाजवल्यास हात हळूहळू बसतो. मात्र बोटांत किंवा मनगटात वेदना होत असतील, तर हट्टाने वाजवत राहू नये.

वजन सर्वांनाच हवे काय?

तसे मुळीच नाही. पियानो किंवा इलेक्ट्रिक पियानोचे अंग ज्याच्या संगीतात प्रधान आहे, किंवा जो पियानो शिकत आहे, त्याला ८८ वजनदार पट्ट्या आवश्यकच. उलट ऑर्गनच्या घसीटी, सिंथेसायझरच्या वेगवान ताना, बोटांनी वाजवायचे ढोलक-तबल्याचे तुकडे यांसाठी हलक्या पट्ट्याच सोयीच्या. दोन्ही प्रकारचे काम असेल तर एक ८८ पट्ट्यांचा वजनदार की-बोर्ड आणि जोडीला २५ पट्ट्यांचा छोटा मिडी कंट्रोलर ही जोडी उपयुक्त ठरते. पेटी साडेतीन सप्तकांची असते, म्हणून ६१ पट्ट्या पुरेशा वाटतात. पण दोन्ही हातांनी पियानो वाजवायचा तर त्या तोकड्या पडतात. मधला मार्ग म्हणून ७३ किंवा ७६ पट्ट्यांची वाद्येही मिळतात.

पैसे कशाचे मोजले जातात?

याचे चांगले उदाहरण यामाहाच्या दोन वाद्यांत सापडते. २०१६ मध्ये माँटाज ८ आणि २०१८ मध्ये मोडेक्स ८ ही वाद्ये आली. दोन्हींतील ध्वनिनिर्मितीची पद्धत बव्हंशी एकच, पट्ट्याही दोन्हींत ८८. तरीही किमतीत मोठी तफावत होती. माँटाजचे वजन २९ किलो, तर मोडेक्सचे १४ किलोहूनही किंचित कमी. माँटाजच्या पट्ट्या वरच्या दर्जाच्या होत्या आणि त्यांना 'आफ्टरटच' होता, म्हणजे पट्टी दाबून धरल्यावर आणखी दाब दिला की स्वराला कंप किंवा धार देता येई. मोडेक्समध्ये ती सोय नव्हती. या दोन्ही वाद्यांची पुढची रूपे नंतर बाजारात आली, पण धडा कायम आहे. महागड्या वाद्याच्या किमतीचा मोठा भाग पट्ट्या, बांधणी आणि जोडण्या यांत जातो. घरातच राहणाऱ्या वाद्याला पोलादी बांधणीची गरज नसेल, पण आफ्टरटचची असू शकते. हा हिशेब ज्याचा त्याने करावा.

संगणकातील ध्वनिसंग्रहांवरच सारी भिस्त असेल, तर अंगचा आवाज नसलेला वजनदार मिडी कंट्रोलर हा पर्याय विचारात घ्यावा. कावाईचा व्हीपीसी-१ किंवा स्टुडिओलॉजिकचा एसएल-८८ ही त्याची उदाहरणे. यात सर्व पैसा पट्ट्यांवर खर्च होतो. पण संगणक बंद असेल तर वाद्य मुके. चाल सुचताच बसून वाजवण्याची सवय असलेल्या संगीतकाराला हे गैरसोयीचे वाटू शकते.

आवाजांची संख्या फसवी असली, तरी 'पॉलिफनी'चा आकडा अवश्य पाहावा. एका वेळी किती ध्वनी उमटू शकतात, ते हा आकडा सांगतो. पियानोचा एक स्टिरिओ स्वर अनेकदा दोन ध्वनी खर्च करतो. त्यामुळे ६४ ची मर्यादा प्रत्यक्षात ३२ स्वरांवर येते. त्यात व्हायोलिनसमूहाचा थर जोडला आणि सस्टेन पेडल दाबून धरले, की आधीचे स्वर मध्येच तुटू लागतात. १२८ वा त्याहून अधिक पॉलिफनी असेल तर ही चिंता बरीच कमी होते.

भारतीय संगीताच्या गरजा

पियानोच्या पट्टीवर मींड निघत नाही. ती काढण्यासाठी डाव्या हाताशी 'पिच बेंड'चे चाक किंवा दांडी असावी लागते. स्टेज पियानो म्हणून विकल्या जाणाऱ्या काही वाद्यांत ती नसते, हे खरेदीआधीच पाहावे. बहुतेक वाद्यांत हे चाक मुळात दोन अर्धस्वरांपर्यंत सूर वळवते. लांब मींड हवी तर ही मर्यादा वाढवावी लागते, आणि वाद्य व संगणकातील ध्वनी या दोहोंत ती सारखीच ठेवावी लागते. अन्यथा सूर चुकीच्या जागी जाऊन थांबतो.

दुसरी बाब सुरांच्या स्थानांची. की-बोर्डचे बारा स्वर समान अंतरावर बांधलेले असतात. याच कारणाने पेटीवर आक्षेप घेतले गेले आणि १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने तिच्यावर बंदीही घातली. ती १९७१ मध्ये शिथिल झाली. सिंथेसायझरची जमेची बाजू अशी की, अनेक वाद्यांत प्रत्येक स्वर अल्पांशाने चढवण्या-उतरवण्याची सोय असते. रागाला साजेसा कोमल गंधार किंवा धैवत लावायचा असेल तर 'स्केल ट्यूनिंग' आहे का, याची विचारणा करावी. काळी चार, पांढरी पाच अशा पट्ट्या बदलण्यासाठी लागणारी 'ट्रान्सपोज'ची सोय मात्र जवळजवळ सर्वत्र असते.

खोली, शेजार आणि पावसाळा

८८ पट्ट्यांचे वाद्य सव्वा मीटरहून अधिक लांब असते. नेमके माप घेऊन, संगणकाचा पडदा आणि ध्वनिवर्धक कोठे राहतील हे ठरवून मगच वाद्य निवडावे. दहा-बारा किलोंचे वाद्य एकट्याने उचलता येते. वीस किलोंच्या पुढे ते एका जागी पक्के ठेवणेच बरे. डगमगणारा स्टँड जड पट्ट्यांखाली अधिकच हलतो.

हेडफोन लावला म्हणजे शेजाऱ्यांचा प्रश्न सुटला, असे मानले जाते. प्रत्यक्षात हॅमर ॲक्शनचा ठोका स्टँडमधून फरशीत उतरतो आणि खालच्या मजल्यावर धपधप ऐकू येते. रात्री काम करणाऱ्यांनी स्टँडखाली जाड रबरी थर किंवा गालिचा घालावा. मुंबई-कोकणच्या दमट हवेत आणि सर्वत्रच्या धुळीत पट्ट्यांखालच्या रबरी संपर्कपट्ट्या खराब होतात. वाद्य झाकून ठेवणे हा साधा पण परिणामकारक उपाय आहे.

संगणकाशी जोडणीसाठी यूएसबी बहुतेक वाद्यांत असते. वाजवल्यानंतर स्वर उशिरा येत असेल, तर दोष पट्ट्यांचा नसून बहुधा संगणकातील 'बफर'चा असतो. सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या मुद्रणात १०२४ नमुन्यांचा बफर सुमारे २३ मिलिसेकंदांचा विलंब घालतो. तो २५६ वर आणल्यास विलंब सहा मिलिसेकंदांच्या आत येतो.

दुकानात काय करावे?

तेथील तयार ताल बंद करावेत आणि केवळ पियानोचा आवाज लावावा. एकच स्वर अगदी हळू, मग क्रमाने मोठा वाजवून पाहावा. काळ्या पट्ट्या व पांढऱ्या पट्ट्यांची मागची बाजूही दाबून पाहावी, कारण स्वस्त यंत्रणेत तेथे पट्टी फार जड लागते. आवाज पूर्ण बंद करून पट्ट्यांचा खडखडाट ऐकावा. किमान वीस मिनिटे वाजवल्याशिवाय बोटे दमतात की नाही ते कळत नाही. वापरलेले वाद्य घेत असल्यास ८८ च्या ८८ पट्ट्या एकेक करून तपासाव्यात. एखादीच पट्टी अचानक मोठा आवाज देत असेल, तर संपर्कपट्टी मळलेली असण्याची शक्यता असते आणि ती अनेकदा साफ करता येते. मात्र अनेक पट्ट्या सैल वा खाली-वर दिसत असतील, तर असा सौदा टाळलेला बरा. शेवटी दुरुस्ती कोठे होते आणि सुटे भाग मिळतात का, हे विचारूनच पैसे मोजावेत. आवाजांची यादी त्यानंतर वाचली तरी चालते.