सल्ल्याचं पुढे काय झालं?

मॅनेजमेंट कन्सल्टिंगमध्ये शिरलेल्या मुलामुलींना दुसरं-तिसरं वर्ष लागलं की 'आता पुढे काय?' हा प्रश्न छळू लागतो. या धंद्याची घडणच अशी आहे की तो टाळता येत नाही. ठरावीक मुदतीत वरच्या पायरीवर चढा, नाहीतर बाहेर पडा, ही रीत न्यूयॉर्कच्या क्रवॅथ या वकिली पेढीने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रुळवली आणि पुढे मॅकिन्झीसारख्या कंपन्यांनी उचलली. त्यामुळे तिथून बाहेर पडण्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. कंपनीलाही ते चालतं, कारण आजचा माजी कर्मचारी उद्याचा क्लायंट होऊ शकतो. समोर पर्याय असतात ते ठरलेले: परदेशी एमबीए, प्रायव्हेट इक्विटी, स्टार्टअप, एखाद्या उद्योगसमूहाचा स्ट्रॅटेजी विभाग, किंवा तिथेच राहून बढती. मग सवयीने एक्सेल उघडलं जातं, प्रत्येक पर्यायाला गुण दिले जातात आणि बेरजेत सहसा तोच पर्याय वर येतो ज्याने 'पुढचे दरवाजे उघडे राहतात'. माझ्या मते या टप्प्यावर हाच निकष सर्वांत फसवा आहे. विचारायला हवं ते असं: या कामात मी घेतलेल्या निर्णयाचं बरंवाईट फळ माझ्यासमोर येईल का, आणि ते येईपर्यंत मी तिथे असेन का?

दरवाजे उघडे ठेवण्याची ओढ समजण्यासारखी आहे. दहावीला भरघोस टक्के पडले म्हणून सायन्स, सायन्स घेतलं म्हणून जेईई, आयआयटी झाली म्हणून आयआयएम, आणि कॅम्पसवर सगळ्यात आधी याच कंपन्या आल्या म्हणून कन्सल्टिंग. प्रत्येक वळणावर कारण एकच, की यानंतर काहीही करता येतं. सत्ताविसाव्या वर्षापर्यंत काहीही करण्याची तयारी झालेली असते, फक्त काही केलेलं नसतं. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत राबणाऱ्यांना हे लागेल, पण कष्ट वेगळे आणि एखाद्या गोष्टीची जबाबदारी अंगावर असणं वेगळं.

चाकणच्या एखाद्या सुट्या भागांच्या कारखान्यात अशी टीम आली आहे, अशी कल्पना करा. दहा-बारा आठवड्यांचं प्रोजेक्ट. (तिकडे बऱ्याच कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी रविवारी नसून गुरुवारी असते, हे एखाद्याला पहिल्या गुरुवारी बंद गेटसमोर उभं राहिल्यावर कळतं.) कंपनी ढीगभर लहान पुरवठादारांकडून माल घेते. ते निम्मे करा, उरलेल्यांना मोठ्या ऑर्डर द्या, दर खाली आणा, असा निष्कर्ष निघतो. गणित चोख असतं. शेवटच्या बैठकीत डेक सादर होतो, स्लाइडच्या मथळ्यात बचतीचा आकडा झळकतो, सगळे माना डोलावतात आणि पुढच्या सोमवारी टीम दुसऱ्या शहरात सिमेंट कंपनीच्या दारात उभी असते. खरी कथा त्यानंतर सुरू होते. यादीतून कटाप झालेला भोसरीचा वर्कशॉपवाला रात्री नऊला फोन केला तरी सकाळपर्यंत दोनशे नग टेम्पोत घालून पाठवायचा. नवा मोठा पुरवठादार आपल्या वेळापत्रकाबाहेर हलत नाही. एक दिवस लाइन थांबते. वैतागलेला परचेस मॅनेजर गुपचूप जुन्या माणसाला पुन्हा फोन लावतो. वर्षअखेरीस त्या बचतीतलं नेमकं किती हाती लागलं, हे ज्याने आकडा काढला त्याला कधी कळतच नाही. त्याचं रेटिंग तर केव्हाच लागलेलं असतं.

याची किंमत काय, ते मानसशास्त्राने सांगून ठेवलं आहे. डॅनियल कानमन यांचा तज्ज्ञांच्या अंतःप्रेरणेवर फारसा विश्वास नव्हता, तर गॅरी क्लाइन तिचे पुरस्कर्ते. दोघांनी २००९ साली एकत्र लिहिलेल्या लेखात मात्र एकमत झालं: जाणकाराची नजर तयार व्हायला दोन गोष्टी लागतात. आजूबाजूच्या परिस्थितीत काही एक नियमितपणा हवा आणि आपण बरोबर होतो की चूक, हे वारंवार कळायला हवं. अग्निशमन दलाच्या अधिकाऱ्याला ते कळतं, अतिदक्षता विभागातल्या अनुभवी नर्सला कळतं. कन्सल्टंटची गोची इथेच होते. तीन वर्षांत तो सात-आठ उद्योग पाहतो, प्रश्न मांडायला उत्तम शिकतो, पण आपली उत्तरं टिकली की कोसळली हे न कळताच पुढे सरकतो. मग आत्मविश्वास वाढत राहतो, त्याला तपासणारं कुणी नसतं.

दुसरी अडचण म्हणजे नावावर जमा झालेल्या कर्तबगारीत आपला वाटा किती, हे कळत नाही. हार्वर्डचे बोरिस ग्रॉयसबर्ग यांनी वॉल स्ट्रीटवरच्या नामांकित शेअर विश्लेषकांचा अभ्यास करून २०१० साली 'चेसिंग स्टार्स' हे पुस्तक लिहिलं. कंपनी बदलल्यावर या ताऱ्यांची कामगिरी सर्वसाधारणपणे घसरली आणि आपली टीम सोबत नेणाऱ्यांना तो फटका कमी बसला, असं त्यांना आढळलं. कन्सल्टंटच्या मागेही रात्रीत स्लाइड रेखून देणारी टीम असते, संशोधनाचं भांडार असतं, पार्टनरच्या ओळखी असतात. पंचविशीतल्या पोराचं कंपनीचा सीईओ ऐकून घेतो, ते बरंचसं त्याच्या कार्डावरच्या नावामुळे. हे टेकू काढल्यावर काय उरतं, ते निघाल्याशिवाय समजत नाही, आणि पस्तिशीपेक्षा अठ्ठाविशीत समजलेलं बरं.

आदर्श म्हणून सांगितल्या जाणाऱ्या कथा या नजरेने पुन्हा पाहाव्यात. दीपिंदर गोयल यांनी बेन या कन्सल्टिंग कंपनीच्या दिल्ली कार्यालयात मेनूकार्डांसाठी होणारी गर्दी पाहिली आणि त्यातून २००८ साली पुढे झोमॅटो झालेली साइट उभी राहिली, ही गोष्ट सगळ्यांना पाठ असते. पण असा योग विरळा, त्यावर बेत आखता येत नाही. इंद्रा नूयी यांचा प्रवास जास्त शिकवणारा आहे. त्यांनी बॉस्टन कन्सल्टिंग ग्रुप सोडून १९८६ साली मोटोरोला गाठलं, मग एबीबी, आणि १९९४ साली पेप्सिकोत त्या रुजू झाल्या त्याही स्ट्रॅटेजीच्याच कामावर. काम पुन्हा सल्ल्याचंच होतं की! फरक एवढाच की १९९७ साली केएफसी, पिझ्झा हट वगैरे रेस्टॉरंटं वेगळी काढण्याचा आणि १९९८ साली ट्रॉपिकाना विकत घेण्याचा निर्णय झाल्यावर त्या तिथेच होत्या, आणि २००६ साली त्याच कंपनीच्या प्रमुख झाल्या. फाल्गुनी नायर यांचंही तसंच. सुरुवात ए. एफ. फर्ग्युसन या सल्लागार कंपनीत, पण नायका २०१२ साली सुरू झाली त्याआधी कोटकमध्ये जवळपास दोन दशकं गेलेली होती.

म्हणजे पदाच्या नावावरून काही ठरत नाही. स्टार्टअपमधलं 'फाउंडर्स ऑफिस' ऐकायला जोरदार वाटतं, पण तिथे गुंतवणूकदारांसाठी डेकच करायचे असतील तर फक्त बसायची जागा बदलली. एखाद्या शहराचा धंदा, एखाद्या उत्पादनाचा नफातोटा अंगावर येणार असेल तर गोष्ट वेगळी. प्रायव्हेट इक्विटीत गुंतवणुकीचं फळ काही वर्षांनी दिसतं, पण तोवर थांबणारे कनिष्ठ थोडेच. कन्सल्टिंगमध्येच राहणंही चूक नव्हे, कारण चांगला पार्टनर एकाच क्लायंटबरोबर वर्षानुवर्षं असतो आणि आपल्या सल्ल्याचे परिणाम पाहतो. फक्त ती वाट धरायची तर एक क्षेत्र निवडून त्याला चिकटायला हवं. परदेशी एमबीएबद्दल मी जास्त साशंक आहे. अमेरिकेतल्या आघाडीच्या संस्थेत दोन वर्षांचा खर्च दोन कोटी रुपयांच्या आसपास जातो, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये एच-१बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलर शुल्काचा आदेश निघाल्यापासून तिथल्या नोकरीचं गणित आणखी डळमळीत झालं आहे. नेमकं काय शिकायचं आहे हे ठाऊक असेल तर जरूर जावं. ते ठरत नाही म्हणून जाणं म्हणजे निर्णय दोन वर्षं पुढे ढकलणं, तेही कर्ज काढून.

यावर पहिला आक्षेप पैशाचा, आणि तो खरा आहे. घरचे निवृत्त झालेले, शिक्षणाचं कर्ज डोक्यावर, अशा वेळी पगार कमी करून घ्यायला सांगणं सोपं असतं, घेणं नसतं. कर्ज फेडून होईपर्यंत आहे तिथे राहायचं, हाही नीट घेतलेला निर्णयच, फक्त त्याला तारीख हवी. कर्ज संपायच्या सुमारास पवईत फ्लॅट बुक झाला की ती तारीख वीस वर्षं पुढे जाते. दुसरा आक्षेप असा की उडी चुकली तर? अर्थतज्ज्ञ स्टीव्हन लेव्हिट यांनी पेचात सापडलेल्या लोकांना इंटरनेटवर नाणं उडवून दिलं. नोकरी सोडावी का, यासारख्या प्रश्नांवर वीस हजारांहून जास्त नाणी उडाली. मोठ्या निर्णयांबाबत ज्यांनी बदल केला ते सहा महिन्यांनी न बदलणाऱ्यांपेक्षा अधिक समाधानी आढळले. हे सगळे आधीच द्विधेत असलेले आणि आपणहून पुढे आलेले लोक होते, तेव्हा सरसकट नियम काढू नये. पण वर्षभर एक्सेलमध्ये गुण भरत बसलेला माणूस नेमका त्यांच्यातलाच असतो.

उरतो तो प्रश्न माहिती काढण्याचा. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ सालीच दाखवलं होतं की नोकरीची खबर बहुतेकदा जिवलगांकडून नाही, अधूनमधून भेटणाऱ्यांकडून येते. बॅचमेटना विचारून उपयोग नाही, तेही त्याच पाच पर्यायांत अडकलेले. फोन करायचा तो कुठेतरी दोन वर्षं टिकलेल्या जुन्या सीनियरला. 'कसं वाटतं तिथे?' असं मोघम न विचारता नेमकं विचारावं: गेल्या मंगळवारी दिवसभर काय केलंत? किती रकमेपर्यंत स्वतःच्या सहीने खर्च करता येतो? तुमचा कुठला निर्णय फसला आणि ते तुम्हाला कसं कळलं? शेवटच्या प्रश्नाला उत्तर नसेल तर तिथे निर्णय दुसरंच कुणीतरी घेत असतं. शक्य झालं तर त्या जागेवर आधी असलेल्या माणसाचा नंबर मिळवावा. तो मोकळेपणाने बोलण्याची शक्यता जास्त, त्याचा नोटीस पिरियड संपलेला असतो.