🌿 *करवंदाचं कुंपण: शेंडे नको, बाजू छाटा*

बांधावरचं करवंद बारमाही हिरवं, पण वर दाट अन् बुडाशी मोकळं झालंय का? मग शेळ्या, डुकरं तिथूनच आत शिरणार. आपण कोयत्याने शेंडे तेवढे मारतो. माथा पसरतो, खाली सावली पडते आणि खालच्या फांद्या वाळतात.

✅ फळं उतरली की पावसाच्या तोंडावर छाटा, पावसात फूट जोमाने येते. थंडीत छाटलं तर फुलं जातात, करवंदं मिळत नाहीत.
✅ तळ ३ फूट, माथा २ फूट, उंची ४-५ फूट ठेवा. बाजू उतरत्या असल्या की बुडापर्यंत ऊन पोचतं.
✅ जुनं कुंपण यंदा एकाच बाजूने खोल छाटा, दुसरी बाजू पुढच्या वर्षी. एकदम तोडलं तर शेत उघडं पडतं.
✅ मोठ्या फटीत याच पावसात दीड-दोन फुटांवर रोपं लावा.

⚠️ काटे आणि चीक असतो. हातमोजे, चष्मा घाला. छाटलेल्या फांद्या वाटेवर टाकू नका.

आपल्या कुंपणाचा फोटो याच नंबरवर पाठवा, कुठं छाटायचं ते सांगतो.
– आपला कृषी सल्लागार