सॉफ्टवेअर निवडताना अनुभवी प्रोग्रामर का हवा? रेल्वे आरक्षणाचे उदाहरण
नवी दिल्ली : पन्नाशीनंतरही प्रोग्रामिंग करणाऱ्याला बहुधा एकच प्रश्न विचारला जातो : नवे तंत्र शिकणे जमेल का? व्यावसायिक सॉफ्टवेअर निवडताना मात्र वेगळाच प्रश्न महत्त्वाचा ठरतो. आज घेतलेली प्रणाली वीस वर्षांनी कोण सांभाळणार? नोएडा-गुरुग्राममधील कंपन्या असोत वा दिल्लीतील सरकारी कार्यालये, याचे उत्तर देणाऱ्याने किमान एक प्रणाली जुनी होताना पाहिलेली असावी लागते.

रेल्वेचे प्रवासी आरक्षण हे याचे बोलके उदाहरण. संगणकीय आरक्षणाचा प्रारंभ १९८५-८६ मध्ये दिल्लीत झाला आणि १९८६ मध्येच रेल्वेच्या संगणकीय कामकाजासाठी ‘क्रिस’ ही संस्था स्थापन झाली. नव्वदच्या दशकात ‘कॉन्सर्ट’ प्रणालीने देशभरातील आरक्षण केंद्रे एकमेकांशी जोडली. तिचा पाया होता डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनची व्हीएमएस ही ऑपरेटिंग सिस्टीम.

व्हीएमएस १९७७ मध्ये जाहीर झाली आणि विश्वासार्हतेबद्दल नावाजली गेली. तिची मालकी मात्र बदलत राहिली. मूळ कंपनी १९९८ मध्ये कॉम्पॅकने घेतली, कॉम्पॅक २००२ मध्ये एचपीत विलीन झाली आणि २०१४ मध्ये पुढील विकासाचे काम एका नव्या, छोट्या कंपनीकडे गेले. ज्या इटॅनियम प्रोसेसरवर ती चालत होती, त्याचा पुरवठा इंटेलने २०२१ मध्ये थांबवला. प्रणाली बिघडली नव्हती. पायाखालची जमीन सरकली होती. सध्याची आरक्षण व्यवस्था २०१० पासूनची असून ती इटॅनियम सर्व्हर व ओपन-व्हीएमएसवर चालते, असे रेल्वे मंत्रालयाने २०२५ मध्ये संसदेत सांगितले. ती आता क्लाउड तंत्रज्ञानावर नेली जात आहे. मिनिटाला सुमारे २५ हजार तिकिटांची क्षमता एक लाखाच्या पुढे नेण्याचे उद्दिष्ट आहे.

अशा स्थलांतरात नवी भाषा शिकणे हा तुलनेने सोपा भाग. कोटा, प्रतीक्षायादी, सवलती, परतावा यांचे वर्षानुवर्षे साचलेले नियम जुन्या कोडमध्ये दडलेले असतात. एखादी विचित्र वाटणारी अट का घातली गेली, हे ती घालणाऱ्या पिढीलाच नेमके ठाऊक असते. ती पिढी निवृत्त होण्याआधी तिच्याकडून हे लिहून घेतले नाही, तर कोड वाचता येतो, कारण कळत नाही. वय हा या कामातील अडथळाही नाही. व्हीएमएसच्या शिल्पकारांपैकी एक, डेव्ह कटलर १९८८ मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये गेले, त्यांनी विंडोज एनटीच्या उभारणीचे नेतृत्व केले आणि ऐंशी ओलांडल्यावरही ते प्रोग्रामिंग करत राहिले.

केंद्र सरकारने २०१५ च्या धोरणात मुक्त-स्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य दिले. त्याने विक्रेत्यावरील अवलंबित्व घटते; पण मुक्त म्हणजे बिनखर्ची नव्हे. कोड हाती असला तरी तो सांभाळणारी माणसे पोसावीच लागतात आणि अनेक कार्यालये हाच खर्च विसरतात. सशुल्क प्रणाली घ्यायची, तर साठवलेली माहिती खुल्या स्वरूपात बाहेर काढता येईल, तसेच कंपनी विकली गेल्यास वा उत्पादन बंद पडल्यास कोड उपलब्ध होईल, या अटी खरेदीच्या करारातच घालून घ्याव्या लागतात. एकदा व्यवहार पूर्ण झाल्यावर विक्रेत्याला त्या मान्य करण्याचे काहीच कारण उरत नाही.