जागरणाचा अभ्यास टिकत नाही

रात्रपाळीची वीज आली की दारं धरायला जायचं, हे आपल्याला नवं नाही. अशा दोन-चार रात्री सलग गेल्या की फवारणीच्या पंपात औषधाची किती झाकणं टाकली, तेच आठवत नाही. अंग चालतं, डोकं चालत नाही.

डॉक्टरकी शिकणाऱ्या पोरांचीही हीच गत होते. घरचे कौतुकानं सांगतात, "आमचा रात्र रात्र जागून वाचतो!" पण दिवसा वाचलेलं मेंदू झोपेतच पक्कं करतो. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात १९२४ साली दोन विद्यार्थ्यांवर प्रयोग झाला. पाठ करून झोपल्यावर जास्त आठवलं, जागं राहिल्यावर कमी. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात दोन आठवडे रोज सहा तास किंवा त्याहून कमी झोपलेल्यांचं लक्ष एक-दोन रात्री टक्क जागल्यासारखं ढासळलं. त्यांना स्वतःला मात्र त्याचा फारसा पत्ताच नव्हता!

पुढं रुग्णालयात काम सुरू झालं की जागरण वाढतं. बोस्टनला अतिदक्षता विभागात शिकाऊ डॉक्टरांच्या लांबलचक पाळ्या तोडून पाहिल्या. २००४ चा निष्कर्ष असा, की जुन्या पाळ्यांत गंभीर चुका ३६ टक्क्यांनी जास्त होत होत्या. आपल्याकडं केंद्राच्या १९९२ च्या आदेशात निवासी डॉक्टरांना आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आहे. तरी २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कृती दलाला ७४ तासांपेक्षा जास्त काम नको, रोज सात-आठ तास झोप हवी, अशी शिफारस करावी लागली. यावरून काय ते ओळखा.

हा शहरातला प्रश्न म्हणून सोडून देऊ नका. हीच पोरं उद्या आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात येतात. पहाटे तीन वाजता साप चावलेला माणूस घेऊन आपण पोचतो, तेव्हा समोरच्या डॉक्टरचं डोकं ताळ्यावर हवं.

तेव्हा पालकांनी फोनवर "अभ्यास झाला का?" याआधी "झोप झाली का?" असं विचारावं. चार दिवसांच्या किरकोळ दुखण्यासाठी मध्यरात्री डॉक्टरचं दार वाजवू नये. आणि रात्री दहानंतर कर्णा बंद, हा २००० सालापासूनचा नियम सरपंच व पोलीस पाटलांनी गावात खरोखर पाळून घ्यावा. शिकणारी पोरं गावातही आहेतच की!