बिलातले हातमोजे

गेल्या पावसाळ्यात पौडजवळ राहणारे आमचे चाचा अंगणात घसरले आणि खुब्याचे हाड मोडले. पौडच्या ग्रामीण रुग्णालयात प्रथमोपचार झाले, मग चांदणी चौक ओलांडून पुण्यातल्या एका खासगी रुग्णालयात. सातव्या दिवशी बिल हातात आले. चाचींनी बांगड्या काढून ठेवल्याच होत्या. मशिदीतल्या मंडळींनी जकातीतून काही रक्कम उभी केली होती.

बिलात ‘औषधे व साहित्य’ अशी एकच ओळ होती आणि आकडा तिचाच सर्वांत मोठा. तपशील मागितल्यावर काउंटरवरच्या मुलाने कुरकुरत नऊ पाने छापून दिली. त्यात हातमोज्यांच्या 60 जोड्या. चाचा खाटेवरून म्हणाले, “बेटा, एवढे हात माझ्या अंगाला लागले असते तर मी आतापर्यंत धावायला लागलो असतो!” पौडला सकाळी झालेल्या रक्ततपासण्या संध्याकाळी पुन्हा केलेल्या होत्या. शस्त्रक्रियेसाठी आणवलेली तीन इंजेक्शने आमच्याच पिशवीत न फोडलेली पडून होती.

बिल फुगते ते बहुधा इथेच, आणि आपण मात्र डॉक्टरांच्या फीवर घासाघीस करत बसतो. 2018 मध्ये राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने दिल्ली परिसरातील चार खासगी रुग्णालयांची बिले तपासली, तेव्हा औषधे व साहित्यावरचा नफा काही वस्तूंत 1,737 टक्क्यांपर्यंत गेलेला आढळला. रुग्णालय सिरिंज, कॅन्युला, हातमोजे घाऊक भावात घेते आणि रुग्णाला लावते छापील किंमत. मोठे गिऱ्हाईक असल्याने ती छापील किंमतच चढी ठेवायला ते कंपनीला भाग पाडू शकते. कागदोपत्री कुठेच जास्त आकारणी दिसत नाही. हृदयाच्या स्टेंटवर फेब्रुवारी 2017 मध्ये सरकारने मर्यादा घातली, औषधी स्टेंट 29,600 रुपयांवर आणला. पण हातमोज्यांकडे कोण पाहणार? कोविडमध्येही तेच दिसले. मे 2020 मध्ये राज्याने साध्या वॉर्डासाठी दिवसाला 4,000, अतिदक्षता विभागासाठी 7,500 आणि व्हेंटिलेटरसह 9,000 रुपये दर ठरवले, पण पीपीई किट त्याबाहेर राहिले. शेवटी बिले तपासायला लेखापरीक्षक नेमावे लागले.

खोलीचेही तसेच. अनेक रुग्णालयांत खोलीचा वर्ग बदलला की भाड्याबरोबर डॉक्टरांची फी आणि तपासण्यांचे दरही चढतात. पाहुण्यांना बसायला जागा हवी म्हणून खासगी खोली घेणाऱ्या घरांनी हे आधी विचारून घ्यावे.

राज्याच्या 2021 च्या सुधारित नियमांनुसार रुग्णालयाने रुग्णहक्कांची सनद आणि 15 सेवांचे दर दर्शनी भागात लावायचे आहेत. बिलाचा तपशील मागणे म्हणजे भांडण नव्हे. औषधे रुग्णालयाच्याच दुकानातून घेण्याची सक्ती नाही. चिठ्ठी घेऊन बाहेरच्या दुकानात भाव विचारता येतो. दाद मागायची तर शहरात महापालिकेचा आरोग्य विभाग, आणि पिरंगुट-पौडसारख्या ग्रामीण हद्दीत जिल्ह्याची आरोग्य यंत्रणा.

आम्हाला सर्वांत जास्त चुटपुट लागली ती वेगळ्याच गोष्टीची. धर्मादाय नोंदणी असलेल्या रुग्णालयांत, मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने आलेल्या योजनेनुसार, 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात असतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे 1,80,000 आणि 3,60,000 रुपये. शिवाय या रुग्णांना औषधे, साहित्य आणि हाडात बसवायचे सामान रुग्णालयाच्या खरेदी किमतीत लावायचे असते, म्हणजे छापील किमतीचा प्रश्नच उरत नाही. चाचा त्यात सहज बसत होते. लागतो तो तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, आणि मुळशीचे तहसील कार्यालय पौडलाच, चाचांच्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर! रुग्णवाहिका शोधण्याच्या धावपळीत ‘कोणत्या रुग्णालयात?’ हा प्रश्न आम्ही ड्रायव्हरवर सोडला होता. जकात देणाऱ्यांपैकीही कुणी तो विचारला नाही.

नऊ पाने घेऊन आम्ही दोन तास बसलो. न वापरलेली इंजेक्शने परत घेतली गेली, हातमोज्यांच्या 22 जोड्या ‘चुकून लागल्या’ म्हणून कमी झाल्या. तपासण्यांचे पैसे काही सुटले नाहीत. चाचींच्या दोन बांगड्या वाचल्या. उरलेल्या अजून सोनाराकडे आहेत.