नरक्याच्या सालीतील औषध

साताऱ्यातील महाबळेश्वर-कोयनेपासून सांगलीच्या शिराळा तालुक्यातील चांदोलीपर्यंतच्या सह्याद्रीच्या रानात नरक्या नावाचे लहानसे झाड आढळते. फुलांच्या दुर्गंधीमुळे ते ओळखू येते. मात्र त्याच्या साली-मुळांतील कॅम्प्टोथेसिन या संयुगाने कर्करोगावरील उपचारांना नवी दिशा दिली.

मूळचे नंदुरबारचे रसायनशास्त्रज्ञ मनसुख वाणी आणि त्यांचे सहकारी मन्रो वॉल यांनी १९६६ मध्ये अमेरिकेत एका चिनी वृक्षातून हे संयुग वेगळे केले. पुढे १९७२ मध्ये ते आपल्या नरक्यातही असल्याचे भारतीय संशोधकांनी दाखवून दिले. डीएनएचा पीळ सैल करण्यासाठी पेशीतील एक एन्झाइम त्याचा एक धागा कापते आणि पुन्हा सांधते. कॅम्प्टोथेसिन हा सांधा जुळूच देत नाही. त्यामुळे झपाट्याने विभागणारी कर्कपेशी मरते. या संयुगापासून बनवलेल्या टोपोटेकन आणि इरिनोटेकन या औषधांना १९९६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. पहिले बीजाशयाच्या, तर दुसरे मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर वापरले जाते.

झाड हे संयुग कसे घडवते? रोशा गवताच्या तेलाला सुगंध देणारे जेरॅनिऑल हे दहा कार्बनचे टर्पिन वर्गातील संयुग. अनेक एन्झाइमांच्या साहाय्याने वनस्पती त्यापासून सेकोलोगॅनिन तयार करते. दुसरीकडे ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून ट्रिप्टामिन बनते. या दोहोंच्या संयोगातून निघालेल्या रेणूची वलये टप्प्याटप्प्याने बदलत जाऊन अखेर कॅम्प्टोथेसिन तयार होते. म्हणजे त्याचा अर्धा वारसा टर्पिनांचा आहे.

इतक्या खटाटोपानंतरही वाळलेल्या सालीत त्याचे प्रमाण साधारणतः एक टक्क्याच्या आतच असते. साल-मुळांसाठी झाड मुळासकट उपटावे लागते, आणि नेमका हाच चोरट्या तोडीचा धोका आहे. एकदा गेलेले झाड उभे राहण्यास वर्षे लागतात.

याला पर्याय शोधले जात आहेत. २००५ मध्ये नरक्याच्या आत वाढणारी एक बुरशीही कॅम्प्टोथेसिन बनवते, असे आढळले. सेकोलोगॅनिन व ट्रिप्टामिन यांच्या संयोगातून बनणारे स्ट्रिक्टोसिडीन २०१५ मध्ये यीस्टकडून करवून घेण्यात शास्त्रज्ञांना यश आले. तरीही कच्चा माल आजही प्रामुख्याने झाडांतूनच मिळतो. प्रयोगशाळेला जी कृती शिकायची आहे, ती नरक्याच्या पेशींत लिहिलेली आहे. तिचा पुरता उलगडा होण्याआधी रानच रिकामे झाले, तर नुकसान केवळ सह्याद्रीचे नसेल, रुग्णांचेही असेल. म्हणूनच रोपवाटिकांत नरक्याची रोपे वाढवून लागवड करणे आणि रानातील झाडे राखणे, ही कामे संशोधनाइतकीच निकडीची आहेत.